जेठातला धोंडा

धोंड्याचा महिना आला की लोकांना पुण्य आठवतं, जावई आठवतात, पुरणाचे धोंडे आणि अनारसे आठवतात. मला माझी कंबर आठवते. खोटं कशाला बोलू? कॅलेंडरवर अधिक मास लिहिलेला दिसला की आधी कंबरेतून एक बारीक कळ जाते, मग हात जोडावेसे वाटतात. यंदा तर हा महिना परत जेठात आलाय. मधले धोंडे वेगवेगळ्या महिन्यांत येऊन गेले. एक लॉकडाऊनमध्ये गेला, एक श्रावणात आला तेव्हा पैनगंगा दोन्ही थड्या भरून वाहत होती आणि बाया काठावर उभ्या राहून नुसतं पाणी डोक्याला लावून परत गेल्या. जेठातला धोंडा मात्र आठेक वर्षांनी फिरून आलाय, आणि नदीत वाळूशिवाय काही नाही.

परवा केनवडची इंदूबाई दारात येऊन बसली. ही बाई माझ्या नात्याची नाही, गोत्याची नाही. दर धोंड्याला न्हायला येते आणि घरच्यासारखी चुलीपर्यंत जाते. माठातलं पाणी स्वतःच घेतलं, घटाघटा प्याली आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "काय व शोभावैनी, यंदा इहिरीले पानी हाय ना?" मी म्हटलं, "हाय थोडंसं." दोघींनाही मागच्या वेळचा जेठातला धोंडा आठवत होता.

मी मूळची कारंज्याची. आमच्या घरी नळ होता, नदी नव्हती. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं गल्लीभर सांगितलं, पोरगी पैनगंगेच्या काठी दिली, रोज गंगेत न्हाईल. इकडे रिसोडच्या बाजूला आले आणि पाहिलं तर सासरची भाजीची वाडी अगदी नदीच्या थडीवर, घर वाडीतच, आणि नदी वर्षातले चार-पाच महिने वाहणारी. बाकीच्या महिन्यांत तिच्यातून बकऱ्या चरत जातात, ट्रॅक्टर जातात, पोरं क्रिकेट खेळतात. रोज गंगेत न्हायचं राहिलं बाजूला. रोज पहाटे उठून मेथीच्या जुड्या बांधायच्या, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची पेंडी पाण्यात बुचकळून ठेवायची, भेद्रं म्हणजे टमाटे कॅरेटमध्ये भरायचे आणि बाजाराच्या गाडीत चढवायची, असं ते काठावरचं राहणं.

पण धोंड्याच्या महिन्यात ही नदी गंगा होते. आमच्याकडे थडीवर एक जुना पार आहे, त्याच्यासमोर नदीचं वळण, म्हणजे वाकण आहे. त्या वाकणात आसपासच्या गावांतल्या बाया महिनाभर पहाटे न्हायला येतात. कुणी पायी, कुणी ऑटोत दाटीवाटीनं. अंधारात काकणांचे आवाज, कापराचा वास, कुणाची तरी चप्पल हरवलेली, कुणी तरी पोथीतलं अर्धंच आठवून म्हणतंय. सूर्य उगवायच्या आत न्हाऊन व्हायला हवं आणि एकही दिवस चुकायला नको. एक दिवस जरी चुकला तरी महिना मोडला, असं बाया मानतात. महिना मोडला म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. आमची सासू, म्हणजे आत्याबाई, लग्न होऊन आल्यापासून तिनं एकही धोंडा मोडू दिला नव्हता. बाळंतीण असताना तिला उचलून नदीवर नेलं होतं म्हणे, आणि हे ती अशा तोऱ्यात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, तिनं लढाई जिंकली.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या जेठात पाऊस आधीच्या वर्षीचाही धड झाला नव्हता. वाडीत मी काटेरी वांगी लावली होती. रोपं मीच टाकली, मीच जगवली. फेब्रुवारीपासून ती वांगी माझ्या हातावर वाढत होती म्हटलं तरी चालेल. पानांची ती बारीक लव मनगटाला लागून रात्रभर खाजायचं. लगीनसराईत वांग्याला भाव असतो, त्यातून धोंड्याचे जावई जेवायला येतात, आणि आमच्याकडे जावयाला भरल्या वांग्याशिवाय जेवण म्हणजे अपमान. पोरीला जूनमध्ये वाशीमला नर्सिंगला घालायचं होतं. हॉस्टेल, कपडे, पुस्तकं, सगळं त्या वांग्यांवर ठरलेलं. विहीर रात्रभर झिरपून पहाटेला जेवढं पाणी साठवायची तेवढ्यात एक दिवस अर्धी वाडी भिजायची, दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी. थेंब इकडचा तिकडे करायची सोय नव्हती.

आणि धोंडा लागला. पहिल्याच पहाटे बाया वाकणात आल्या. वाळूत उकरून पाहिलं तर ओल नाही. मी थडीवर मोटर चालू व्हायची वाट पाहत उभी होते. खाली बायांचा गलका ऐकू येत होता. कुणी म्हणे घरी जाऊन बादलीनं न्हाऊ, कुणी म्हणे मग महिना कशाला धरला. तेवढ्यात आत्याबाईचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"घरी जाऊ नका व बायांनो. आमच्या इहिरीचं पानी सोडतो. माहा लेक आता पाइप आनते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी तशीच थडी उतरून खाली गेले.

"आत्याबाई, काय बोलून राह्यल्या? वांगे वाळतीन ना!"

"नाई वाळत."

"कशावरून नाई वाळत? तुमाले काय वांग्यानं सांगतलं?"

बाया हसल्या. सासू हसली नाही. ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "शोभे, पुढचा धोंडा काई मले दिसत नाई. एवढा एक पुरा करू दे." नवऱ्याकडे पाहिलं तर तो खांद्यावर पाइप घेऊन निघालासुद्धा होता. आईनं म्हटलं की झालं, या बाबतीत आमचे हे एकदम आज्ञाधारक.

वाळूत मोठा खड्डा केला. वाळू पाणी पिऊन टाकते म्हणून त्यात ताडपत्री अंथरली. पाइप थडीवरून खाली सोडला. पाणी पडायला लागलं तेव्हा एक शंकाखोर म्हातारी म्हणाली, "पर हे तं इहिरीचं. याची गंगा कशी व्हईन?" इंदूबाईनं तिच्याकडे असं पाहिलं की बिचारी मागे सरली. "इहिरीत कुठून आलं व ते? नदीच्याच पोटातून झिरपलं ना? मंग तिचंच हाय, तिच्याच अंगावर पडून राह्यलं. उतर पान्यात!" एवढ्यावर शास्त्र संपलं. हर गंगे म्हणत बाया एकेक करून ताडपत्रीत उतरल्या.

त्या महिन्यातल्या पहाटा आठवल्या की सगळ्यात आधी मोटरची घरघर कानात येते. मग थंड वाळू पायाखाली. ओल्या लुगड्यांचा जड वास, त्यात शिकेकाई, त्यात कापूर, आणि वर थडीवरून येणारा वांग्याच्या झाडांचा कडवट, तहानलेला वास. तो मला एकटीलाच येत असावा. द्रोणात दिवे ठेवून बाया त्या खड्ड्यात सोडायच्या. जायला वाट नसल्यामुळे ते दिवे ताडपत्रीच्या कडेला लागून तिथंच गोल गोल फिरत राहायचे. कुणाला त्याचं हसू येत नसे. मलाही आलं नाही. सुंदरच दिसायचे ते, आता सांगायला हरकत नाही. तेव्हा मात्र मी पाण्याकडे पाहत उभी असायची आणि मनातल्या मनात वांग्याच्या किती सऱ्या बुडाल्या ते मोजायची.

बाया न्हाऊन गेल्या की माझं काम सुरू व्हायचं. ताडपत्रीत जे गढूळ पाणी उरलेलं असे ते सोडून कसं द्यायचं? मी बादलीनं उपसायची आणि थडी चढून वांग्यांना घालायची. एक हात बादलीला, दुसरा हात गवताला धरून. थडी कोरडी, पाय घसरायचा, अर्धी बादली माझ्याच लुगड्यावर सांडायची. नवरा तेव्हा बाजाराला गेलेला. परत खाली, परत वर. ऊन चढेपर्यंत हेच. जेठातलं ऊन आमच्याकडे उगवतं तेच तापून. कधी कधी अर्ध्या थडीवर थांबून बादली गुडघ्यावर टेकवायची आणि नुसती उभी राहायची. डोळ्यांपुढे पिवळं पिवळं दिसायचं. मग कुठून तरी कावळा ओरडायचा आणि पाय आपोआप चालू लागायचे.

थकवा म्हणजे काय ते मला त्या महिन्यात नीट कळलं. निंदण करून, कापूस वेचून अंग दुखतं ते वेगळं, रात्री चार घास पोटात गेले की ते उतरतं. हा उतरत नव्हता. झोपले तरी स्वप्नात बादली भरायची. जेवताना हात तोंडापर्यंत नेणं जिवावर यायचं. कुणी चांगलं बोललं तरी राग यायचा, कारण उत्तर द्यावं लागायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी रोज शंभर बायांचं न्हाणं पाहत होते पण मला स्वतःला अंगावर धड तांब्याभर पाणी घ्यायला वेळ नव्हता. दुपारी कधीतरी हातपाय धुवायचे की झालं. बायका मला म्हणायच्या, "वैनी, तुले तं लय पुन्य लागून राह्यलं." मी म्हणायची, "हो ना बापा, कंबरेतच लागून राह्यलं."

साबणावरून तर मी दोनदा भांडले. साबणाचं पाणी वांग्याला चालत नाही म्हणून मी पहिल्या दिवसापासून बजावून ठेवलं होतं. एका सकाळी पाहते तर खड्ड्यात फेस. मी ओरडले, "कोनं लावला साबन?" सगळ्या बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या, आणि इंदूबाई गळ्यापर्यंत पाण्यात बसून देवाचं नाव घेत राहिली. तिच्या अंगाला मोगऱ्याचा वास येत होता. "इंदूबाई, मोगरा कुठी फुलला व?" म्हटलं. तिनं डोळे उघडले नाहीत. "देव पावला मले," म्हणाली. अशा बाईवर किती वेळ रागावणार?

पण वांगी रागावली होती. महिन्याच्या मध्यावर वरच्या अंगाच्या सऱ्या माना टाकायला लागल्या. पानं दुपारी वळायची आणि संध्याकाळीही सरळ व्हायची नाहीत. फुलं गळून मातीवर पडलेली असायची, जांभळी, कागदासारखी कोरडी. माझ्या बादल्या खालच्या चार सऱ्यांपर्यंत पोचायच्या, वरच्यांपर्यंत पोचेतो मी मरायची. एका रात्री मी नवऱ्याला सरळ विचारलं, "पोरीले वाशीमले पाठवाचं का नाई?" तो म्हणाला, "पाठवाचं ना." "कशावर? गंगेवर?" त्यानं कूस बदलली. मग म्हणाला, "मायले तू सांग." म्हणजे मीच वाईट व्हायचं.

मी सांगायला गेलेही. आत्याबाई ओसरीवर वाती वळत बसली होती. तिची बोटं आता सरळ होत नव्हती, वात मधेच जाड, मधेच बारीक. पाच वाती वळायला तिला किती वेळ लागत होता ते मी पाहत उभी राहिले. तिनं मान वर न करता विचारलं, "काय म्हनतं व?" मी म्हटलं, "काई नाई. जेवा आता." आणि चुलीकडे गेले. राग कमी झाला होता असं नाही. भांडायला जी ताकद लागते ती उरली नव्हती.

महिन्याची अखेर अमावस्येला. शेवटचा दिवस म्हणून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बाया आल्या. आदल्या दिवशी मी थडीवरून घसरले होते, गुडघा सुजून ताठ झाला होता. विहिरीत डोकावले तर तळ दिसत होता. मोटर चालू केली तर पाणी आलं, पण पाइपात नेहमीचा जोर नव्हता. खाली वाकणात अंधारात बाया बसलेल्या, एवढ्याशा पाण्याची वाट पाहत. वर माझी वांगी. आणि पाणी एकाच ठिकाणी जाऊ शकत होतं.

मी काय केलं ते विचार करून केलं नाही. पाइप नदीकडून ओढला आणि वाडीच्या दांडात, म्हणजे पाटात टाकला. दांडातून पाणी वांग्याच्या पहिल्या सरीत शिरलं. माती पाणी पिते त्याचा आवाज असतो, चुर्र असा, तो ऐकून मला रडूच आलं. नवरा धावत आला. "अवं, काय करून राह्यली? बाया खाली बसून हायेत!" मी फावडं घेऊन दांडावर आडवी उभी राहिले आणि खाली सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "आज पानी खाली येनार नाई! ज्याले न्हाचं असन त्यानं वर या अन् वांग्याच्या सरीत बसा!"

ते मी रागानं म्हटलं होतं. कुणी खरंच येईल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. खाली बायांची कुजबुज सुरू झाली. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. त्याला वाटलं, आईचा महिना मोडला, तोही शेवटच्या दिवशी, आणि मोडला कुणी तर सुनेनं. मलाही तेच वाटत होतं, पण फावडं काही मी खाली ठेवलं नाही.

मग थडीवर कुणीतरी चढताना दिसलं. आत्याबाई होती. एका हातात तांब्या, दुसरा हात गवताला. दर पावलाला थांबत होती. मी रोज ज्या वाटेनं बादली घेऊन चढायची तीच वाट. वर आल्यावर ती दम खात उभी राहिली, मागे वळून त्या थडीकडे पाहिलं, मग माझ्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. दोन झाडांच्या मधे सरीत लुगडं सावरून बसली, वाहतं पाणी तांब्यात भरून घेतलं आणि डोक्यावर ओतलं. "हर गंगे!" पाणी तिच्या अंगावरून ओघळून परत सरीत गेलं आणि पुढच्या वांग्याच्या बुडाशी थांबलं.

"शोभे," ती म्हणाली, "अठी पानी कोमट हाय व. खाली तं लय थंडी वाजे."

तेव्हा कुठं आमच्या सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. महिनाभर पाणी खाली नेलं, बायांनी तिथं न्हायचं आणि तेच पाणी मी बादलीनं वर आणायचं. बायांनीच चार पावलं वर यावं हे एकाही शहाण्या माणसाला सुचलं नाही. न्हायचं म्हणजे नदीच्या पात्रातच, एवढं ते पक्कं बसलेलं. नवरा तर असा हसायला लागला की त्याला दांडावर बसावं लागलं. मला हसू आलं नाही. मला एवढंच वाटलं की देवा, हे पहिल्या दिवशी का नाही?

इंदूबाई वर आली. "मी कोन्या सरीत बसू?" मी फावड्यानं दाखवलं. मग एकेक बाई येत गेली, पंगतीला बसल्यासारख्या सरीसरीला बसत गेल्या. वांग्याचा काटा लागला की कुणी 'आई गं' म्हणायचं, की लगेच दुसरी म्हणायची, 'हर गंगे म्हन, आई काय म्हनतं.' ती शंकाखोर म्हातारीही बसली, आणि साबण कुणीही काढला नाही. एक सरी भरली की मी फावड्यानं तोंड बुजवून पाणी पुढच्या सरीत घालायची. अंधार फिटेपर्यंत पाणी वरच्या वाळक्या सऱ्यांपर्यंत पोचलं, आणि तिथं मोटरनं भडभड आवाज करून हवा ओढली. संपलं.

पुढचं आताच सांगून टाकते. अर्धी वाडी गेली, अर्धी राहिली, आणि त्या अर्ध्या वाडीवर पोरगी वाशीमला गेली. आज अकोल्याला दवाखान्यात नर्स आहे, रात्रपाळी करून सकाळी मला फोन करते तेव्हा तिच्या आवाजात मला माझीच कंबर ऐकू येते. पुढचा धोंडा दिसत नाही म्हणणाऱ्या आत्याबाईनं आणखी दोन धोंडे पाहिले आणि मग गेली. आणि परवा इंदूबाई निघाली तेव्हा तिनं न विचारताच मी हो म्हटलं, यंदाही बायांना वाडीत न्हाऊ देते. पोरगी फोनवर ओरडली, "आई, कायले करतं?" तिला काय सांगू? तिला मी त्या अमावस्येचं जे सांगते त्यात न्हाण्याचंच सांगते. खरं तर मला त्या दिवसातलं जास्त आठवतं ते त्याच्यानंतरचं.

मोटर बंद झाली आणि मी हातातलं फावडं सोडलं. शेवटच्या सरीत खाली बसले. बसले म्हणजे पायांनीच बसवलं. आत्याबाई सरकत सरकत माझ्यापर्यंत आली. सरीत चिखलावर जेवढं पाणी थांबलं होतं तेवढं तिनं ओंजळीनं तांब्यात घेतलं आणि माझ्या डोक्यावर ओतलं. मातकट, कोमट पाणी मानेवरून पाठीत गेलं. महिनाभरात पहिल्यांदा माझ्या अंगावर कुणी पाणी घातलं होतं. मी तशीच वरंब्यावर डोकं टेकवून आडवी झाले. ओली माती गालाला लागली आणि डोळे मिटले.

अर्धवट झोपेत आवाज येत होते. कुणी म्हणालं, "वैनीले उचला, घरात नेऊ." नवरा म्हणाला, "अवं ऊठ ना, वांगे तोडाचे हायेत, गाडी यीन आता." आणि त्यावर सासूचा आवाज, पहिल्या दिवशी होता तसाच खणखणीत. "खबरदार कोनी हात लावला तं! झोपू द्या तिले. या घरात आल्यापासून कोनं झोपू देल्लं तिले?"

डोळे उघडले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. वाडीत माणसं होती पण बोलत कुणी नव्हतं. ओली लुगडी अंगावरच वाळलेल्या बाया सरीसरीतून वाकून वांगी तोडत होत्या, देठ मोडल्याचा आवाजही होऊ नये अशा बेतानं. इंदूबाईसुद्धा गप्प होती. माझ्या तोंडावर मात्र ऊन नव्हतं. आत्याबाई उशाशी बसली होती आणि पदर ताणून हात वर धरून होती. तो वाकडा, सुरकुतलेला हात कोपरापासून थरथरत होता. किती वेळ धरला होता कोण जाणे. मी उठायला लागले तशी तिनं दुसऱ्या हातानं माझं कपाळ हलकेच मागे लोटलं.

"पडून राय," ती म्हणाली. "माहा हात अजून दुखून नाई राह्यला."